न शिवलेला फर्मा

"एकच शब्द आहे गं पोरी," मामा म्हणाला. "'चुकलं.' एवढं म्हण आणि मोकळी हो. शब्दाला काय जकात पडती काय?"

"पण चुकलेलं नाही ना, मामा."

"नसलं तरी म्हणायचं असतंय. संसार काय खऱ्याखोट्यावर चालतोय व्हय?"

मामा माझ्या माहेरी, आमच्या मिरजेच्या घरात, बाहेरच्या खोलीत, घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला होता. समोर कॉटवर माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, मग ती नात्यानं आत्या असो की नसो. त्यांच्या शेजारी माझे यजमान, विलास. ते भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या महिन्याचे सण बघत होते. मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. बैठक माझ्यासाठी भरली होती, त्यामुळे बसायला जागा माझ्याशिवाय सगळ्यांना होती.

आमच्या भागात नवराबायकोचं बिनसलं की कोर्टाच्या आधी बैठक बसते. मुलीचा मामा असतो, मुलाकडचं कुणी थोरलं असतं, चहा होतो, जुनी उणीदुणी निघतात आणि शेवटी मुलगी कुणाच्या तरी पाया पडते. मुलगा पाया पडल्याची बैठक मी आजवर ऐकलेली नाही. कुणी ऐकली असेल तर मला कळवा, मी पेढे घेऊन येते.

माझा गुन्हा सांगते. एसटीत बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला लागले तेव्हाची ही गोष्ट. अर्ज मी लग्नाआधीच केला होता. बोलावणं आलं ते लग्नानंतर, तासगावकडच्या खेड्यात नांदत असताना. कोल्हापूरला प्रशिक्षण होतं. विलासना सांगितलं, ते म्हणाले, "बघू." पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, "बघू की." त्यांचं बघून होईना आणि जायचा दिवस तर उजाडला. मी पिशवी भरली. आत्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, मी कोल्हापूरला जाऊन येते. नोकरीचं प्रशिक्षण आहे."

"कुणाला इचारून?"

"विचारत नाही. सांगतेय."

हे जरा गोड शब्दांत म्हणायला हवं होतं, असं पुढं मला पुष्कळांनी सांगितलं. खरं आहे. पण गोड शब्दांत म्हटलं असतं तर मी त्या दिवशी गेलेच नसते.

प्रशिक्षण संपवून परतले तर विलास गावाबाहेरच्या थांब्यावरच उभे. आईचं डोकं थंड होईपर्यंत माहेरी राहा, म्हणाले. ते डोकं दोन महिने थंड होत होतं. तोवर मिरज डेपोत सोमवारी हजर राहायचा मला हुकूम आला. आणि आदल्याच दिवशी, रविवारी दुपारी, सासरची जीप दारात.

"मी माझ्या सासूला किती येळा चुकलं म्हटलं असंल, त्याला गणती न्हाई," आत्या मामाला सांगत होत्या. "माझी जीभ झिजली काय, पाव्हणं?"

जीभ झिजली नव्हती हे सगळ्यांना दिसतच होतं. मामानं मात्र गंभीरपणे मान हलवली.

"आणि नोकरीचं?" मी विचारलं.

"आधी घरात तर जा," मामा घाईनं म्हणाला. "नोकरीचं पुढचं पुढं."

"आधी चुकलं म्हणू द्या तिला," आत्या म्हणाल्या. "मग नोकरीचं काय ते आम्ही घरात बसून ठरवू."

"आम्ही म्हणजे कोण, आत्या?"

मामानं कपाळाला हात लावला. "वैजू, आत जा. पाणी पी. डोकं निवलं की बाहेर ये, आणि आलीस की पहिला तो शब्द म्हण. दुसरं काय बोलू नको. तू तोंड उघडलंस की मिटत आलेलं इस्कटतंय."

मी आत गेले. आणि खरं सांगते, आत जाताना मी म्हणून टाकायचं ठरवलं होतं. विलास माणूस वाईट नव्हते. माझं डोकं दुखलं तर न सांगता ओळखायचे, बाजारातून येताना आठवणीनं माझ्यासाठी कवठ आणायचे. मला ते आवडत होते. दोन महिने मी रोज संध्याकाळी कारण नसताना दारात जाऊन उभी राहत होते. एवढ्यानं सगळं मिटत असेल तर मिटू दे, एका शब्दानं माझं काय झडणार आहे, असं मनाशी म्हणत मी माठातून पाणी घेतलं.

स्वयंपाकघरात आई मेथी निवडत बसली होती. तिच्याजवळ पाटावर प्राजू. ही विलासच्या थोरल्या भावाची मुलगी, सात वर्षांची. 'मला काकीकडं यायचंय' म्हणून तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा जीपमध्ये कोंबून तिला आणली होती.

"काकी, मला बक्षीस मिळालं! पाढ्यांत पहिला नंबर. हे बघ."

तिनं दप्तरातून एक चित्रांचं पुस्तक काढलं. वरती हिरव्यागार केळी, निळी नदी आणि नावावरच चिकटवलेली बक्षिसाची चिठ्ठी. मी कौतुक केलं आणि ते तिच्या हातात परत देणार, तेवढ्यात ते मधेच उघडलं. मला जमिनीवर बसावं लागलं.

ते माझं पुस्तक होतं, 'इंदीचा तराफा'.

वरून मला ते ओळखू आलं नाही, कारण त्याचं मुखपृष्ठ मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या पुस्तकाला बदामी कागदाचं कव्हर होतं, आईनं घातलेलं. आई वीस वर्षं घरी बसून छापखान्याचे फर्मे दुमडायची. फर्मा म्हणजे छपाईचा मोठा कागद. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं उलटीसुलटी छापलेली असतात, पट्टी मारून नीट दुमडला की ती ओळीनं लागतात. कागदांचे गठ्ठे सायकलवरून यायचे, दुमडून सायकलवरून जायचे. ज्यांचे रंग सरकलेत, शाई फासलीय, असे कागद छापखाना परत घ्यायचा नाही. त्यांतलाच एक निवडून, दुमडून, सुईदोऱ्यानं शिवून आईनं मला पुस्तक करून दिलं होतं. मी पाच वर्षांची असेन. ते माझं पहिलं पुस्तक, आणि पुष्कळ दिवस शेवटचंही. त्याची पानं सुटी होऊन हरवेपर्यंत मी ते वाचलं.

"आई, इंदी!" मी ओरडले. आईनं वर बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं.

"तुला माहीत आहे ही गोष्ट?" प्राजूनं विचारलं.

"मला विचारतेस? डोळे मिटून सांगते. ये इकडं."

तिला मांडीवर घेतलं आणि आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला पहिला धक्का बसला तो इंदीच्या केसांचा. माझ्या पुस्तकात काळा रंग सरकलेला होता, त्यामुळे इंदीचे केस डोक्याच्या बाहेर उडालेले असायचे. नदीवर वारा सुटलाय म्हणून, असं मी धरून चालले होते. प्राजूच्या इंदीचे केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले होते, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती मला इंदीची शहाणी बहीण वाटली.

बाकी गोष्ट तीच. इंदीचं घर नदीच्या काठावर. पलीकडं काय आहे, असं ती सगळ्यांना विचारते. बाबा म्हणतात, काही नाही. आजी म्हणते, बागुलबुवा आहे. दादा म्हणतो, मुली पलीकडं जात नसतात. मग इंदी परड्यातल्या केळीचे सोट ओढून आणते, वेलींनी बांधते आणि त्यावर बसून निघते. मासे येतात, भोवरा येतो, एक कासव वाट अडवून बसतं. इंदी कासवाला म्हणते, "बाजूला हो, मला जायचंय." हे वाक्य आलं तेव्हा मी आणि प्राजू दोघींनी ते मोठ्यानं म्हटलं आणि हसत सुटलो. बाहेरून मामाचा आवाज आला, "हसायला काय झालं आत?"

मग आलं सोळावं पान. इंदी पलीकडच्या काठावर उभी आहे. परकर ओला, हात कमरेवर, तोंड आपल्याकडे. खाली एक अक्षर नाही. लहानपणी हे चित्र मला इतकं आवडायचं की मी अंगणात तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहायचे आणि आजीचा धपाटा खायचे. पलीकडं काय होतं गं, असं मी आईला विचारायचे. आई म्हणायची, तू सांग. मग मी रोज नवीन सांगायचे.

"संपलं," मी म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

"नाही काकी. अजून आहे की."

"कुठं आहे?"

प्राजूनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पान उलटलं. पुढं पानं होती. चांगली आठ पानं. प्राजू बोट ठेवून वाचायला लागली.

अंधार पडला. कोल्हे ओरडले. इंदी घाबरली आणि रडू लागली. एक दयाळू नावाडी आला. त्यानं इंदीला नावेत घातलं आणि घरी आणलं. काठावर सगळं घर उभं होतं. आणि मग पानभर चित्र. इंदीनं दोन्ही कान धरलेत, मान खाली, डोळ्यांतून दोन थेंब. "माझं चुकलं. आता मी न विचारता कध्धी कुठे जाणार नाही." पुढच्या पानावर आजी तिच्या हातात लाडू देते. त्याच्या पुढच्या पानावर इंदी दारात रांगोळी काढते आहे, नदीकडे पाठ करून. शेवटी चौकटीत, ठळक अक्षरांत: तात्पर्य, मोठ्यांचे नेहमी ऐकावे.

"बाईंनी हे चुकलं-वालं पान पाठ करायला सांगितलंय," प्राजू म्हणाली. मग तिनं पानं मागंपुढं केली, पुन्हा केली. "काकी, पलीकडं काय होतं ते कुठं लिहिलंय?"

मी सगळी आठ पानं बघितली. "कुठंच नाही."

"मग ती गेली कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सत्तावीस वर्षांची घोडी, आणि एका चित्रातल्या पोरीनं कान धरले म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. ही माझी इंदी नव्हतीच. माझी इंदी बावीस वर्षं पलीकडच्या काठावर उभी होती. तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. कोल्हे मला माहीत नव्हते, नावाडी माहीत नव्हता. कुणीतरी येऊन तिला बखोटीला धरून परत नेल्यासारखं मला वाटलं.

"आई, हे आपल्या पुस्तकात नव्हतं."

"कसं असंल?" आई खाली मान घालूनच म्हणाली. "शिवलंच न्हाई मी ते."

"का? खराब झाला होता तो कागद?"

"ती आठ पानं येगळी होती. अर्धा फर्मा. एकदम सोच्छ आला होता, रंग बी सरकला न्हवता." तिनं मेथीची एक जून काडी मोडून बाजूला टाकली. "तुझ्यासाठी एक काढून ठेवला होता. मग वाचला. आणि चुलीत घातला."

माझी आई. जी देवाच्या पोथीचं फाटकं पान पायाखाली येऊ द्यायची नाही, कागदाला पाय लागला तर नमस्कार करायची. तिनं नवा करकरीत छापील कागद चुलीत घातला होता.

"पण का, आई?"

"वैजू!" बाहेरून मामा. "झालं का न्हाई पाणी पिऊन?"

"तुला बोलवाय लागल्यात," आई म्हणाली.

"मी काय म्हणू त्यांना?"

"मला कशाला इचारतीस? तोंड तुझं हाय."

मी बाहेर गेले. कॉटवर विलासच्या पलीकडं थोडी जागा होती. मी जाऊन तिथं बसले. मामाच्या भुवया वर गेल्या, कारण असल्या वेळी मुलगी बसत नसते. मी मात्र बसले, आणि पदर सारखा केला.

"हं, बोल," मामा म्हणाला. "आत्या वाट बघाय लागल्यात."

"आत्या, माझी चूक नेमकी कोणती? नोकरी धरली ही, का न विचारता गेले ही?"

"बघा पाव्हणं, हिला अजून चूक दाखवाय पायजे," आत्या म्हणाल्या. "नोकरीचं सोड. घरात कुणाला पत्ता न्हाई आणि सून पिशवी घेऊन चालली. गावात मला लोकं इचारायची, सून कुणाला इचारून गेली, आणि मी काय सांगायचं? घरातल्या एका माणसाला तर आधी ठाऊक असावं का नसावं? ही तुझी चूक."

हे त्यांचं खरं होतं. त्यांना आधी कुणी काही सांगितलं नसेल तर त्यांचा राग खरा होता. मी विलासकडे वळले. ते अजून कॅलेंडरातच होते.

"अहो," मी म्हणाले. "आत्यांना सांगा. मी तुम्हाला सांगितलं होतं का नव्हतं?"

आत्यांनी लेकाकडे बघितलं. मामानंही बघितलं. विलासनी घसा खाकरला.

"आता ते कशाला काढतेस?" ते हळूच म्हणाले.

"काढायलाच ही सगळी माणसं बसलीत. एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. होतं का नव्हतं? 'होतं' एवढंच म्हणा."

"तसं... विषय निघाला होता. पण ठरलं असं काही नव्हतं."

"ठरलं होतं का, असं मी विचारलं नाही. सांगितलं होतं का?"

विलास पुन्हा कॅलेंडराकडे बघायला लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आईसमोर ते असेच व्हायचे, आणि एरवी मला त्याची कीव यायची. त्या दिवशी आली नाही.

"नवऱ्याची उलटतपासणी घेती का काय!" आत्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज मघासारखा चढला नाही. "एसटीत शिकवलं वाटतं हे."

"आत्या, मी म्हणणार नाही," मी म्हणाले. "माझं चुकलेलं नाही. उद्या मी डेपोत जाणार आहे. तुमच्या घरून जायला मला आवडलं असतं. नाहीतर इथून जाईन."

मामा खुर्चीतून अर्धा उठला. "उमे! ए उमे! बाहेर ये आधी. तुझी लेक भरलं घर मोडाय निघालीया. चार शहाणपणाच्या गोष्टी सांग हिला."

आई दारात आली. ओच्यात मेथीच्या काड्या तशाच होत्या. माझ्या आईला मी बैठकीत बोललेलं कधी ऐकलं नव्हतं. कुणाचीही बैठक असो, ती चहाचे कप आणायची आणि कप न्यायची.

"दादा," ती म्हणाली, "ह्याच खोलीत तू मला सांगितलं होतंस. खुर्ची बी हीच होती."

"काय सांगितलं होतं?"

"एक शब्द म्हण, उमे, मिटून जाईल."

मामा आठवत राहिला. त्याला आठवलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

"मी छापखान्यात जाऊन काम मागून आले होते," आई म्हणाली. ती मामाशी बोलत होती, पण आत्याही ऐकत होत्या. "सासूला न इचारता. वैजू दोन वर्षांची होती. सासूनं दार लावून घेतलं, मी हिला घेऊन तुझ्याकडं आले. तूच मला परत घेऊन आलास. मी म्हटलं, चुकलं. पायावर डोकं ठेवून म्हटलं."

"मग? घेतलं का न्हाई तुला घरात? काम बी करू दिलं की!"

"दिलं. पैसा येत होता, कशाला न्हाई म्हणतील? पण दुसऱ्या दिवशी दळणाला उशीर झाला, म्हण चुकलं. आठवड्यानं भाजीत मीठ जास्त, म्हण चुकलं. तुझ्या लग्नाला आले ते एक दिवस जास्ती राहिले, म्हण चुकलं, समद्या पाव्हण्यांपुढं. एकदा अंगणात शेजारणीबरोबर मोठ्यानं हसले, त्याचं बी चुकलं म्हटलं मी." तिनं ओच्यातल्या काड्या मुठीत घट्ट धरल्या होत्या. "एकदा म्हटलं की मिटत न्हाई, दादा. त्येंला चव लागती. ती मेली तवा माझं चुकायचं थांबलं."

मामा परत खुर्चीत बसला.

"तू मला कधी सांगितलं न्हाईस, उमे," मामा म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता.

"सांगितलं असतं तर त्याचं बी चुकलं म्हणाय लागलं असतं."

मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. मी कॉटवरच बसून राहिले, कारण उठले असते तर रडले असते, आणि त्या खोलीत त्या दिवशी मला रडायचं नव्हतं. सोळाव्या पानानंतर तिनं सुई का थांबवली ते मला कळलं. पाच वर्षांच्या पोरीच्या हातात तिला तो शब्द द्यायचा नव्हता.

आत्या आईकडे बघत राहिल्या होत्या. त्यांच्या तोंडावर राग होता, पण नुसता राग नव्हता. गणती नाही इतक्या वेळा तो शब्द त्यांनीही म्हटला होता, आणि हे त्यांनीच मघाशी सांगितलं होतं. क्षणभर मला वाटलं, त्या काहीतरी वेगळंच बोलणार. मग त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि उठल्या.

"म्हंजे लेकीला तुम्ही ठेवून घेणार."

"ठेवून घ्याय ती काय सामान हाय?" आई म्हणाली. "तिचं घर हाय. ऱ्हाईल."

"चल रे विलास," आत्या म्हणाल्या. "प्राजे, दप्तर घे."

मामाही उठला. जाताना तो माझ्याशी काही बोलला नाही. आईजवळ मात्र थांबला, तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि चपला घालून निघून गेला. त्यानंतर त्यानं आमच्या नात्यात कुणाची बैठक घेतली नाही. लोक बोलवायला यायचे, तर गुडघा दुखतोय म्हणायचा.

मी जीपपर्यंत गेले. प्राजूला उचलून मागं बसवलं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकून विचारलं, "काकी, मी ते पान पाठ करू का नको?"

"तुझं तू ठरव."

"बाई ओरडतील."

"ओरडतील," मी म्हणाले. "बाकी काही होणार नाही."

आत्या पुढच्या सीटवर बसून समोर बघत होत्या. विलास जीपच्या मागच्या बाजूला घुटमळत उभे होते. त्यांनी हातातली किल्ली या बोटातून त्या बोटात केली.

"एकच शब्द होता गं, वैजू," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "एक शब्द म्हणाली असतीस तर आत्ता जीपमध्ये असतीस."

"मीही तुमच्याकडे एकच मागितला होता."

त्यांनी तोंड उघडलं. आत्या चार हातांवर होत्या, जीपची काच खाली होती. आत्ता म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं. मी थांबले. खरंच थांबले, पुढं होऊन त्यांच्या हाताला हात लावावा इतकं मला वाटत होतं तरी तशीच उभी राहिले. मग आत्यांनी आतून दारावर बोटं वाजवली, विलासनी तोंड मिटलं आणि ते गाडी चालवायला पुढं जाऊन बसले.

जीप कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत होते. मग घरात आले, आईकडून इस्त्री मागून घेतली आणि उद्याच्या खाकी गणवेशावर फिरवायला बसले.